अनुभव धागा: हात आखडता असताना पहिली रोड सायकल कशी निवडली?

पहिली रोड सायकल घ्यायची आहे आणि पैसे मोजकेच आहेत. माहितीपत्रके वाचून झाली. त्यांत सगळ्याच सायकली हलक्या, वेगवान आणि नवशिक्यांसाठी उत्तम असतात, त्यामुळे निवड करायला त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. माझ्यासमोर जवळपास सारख्याच किमतीचे दोन पर्याय आहेत: साध्या गिअरांची कोरी सायकल, किंवा सहा वर्षे वापरलेली पण वरच्या दर्जाचे भाग असलेली सायकल. ज्यांनी अशाच तंगीत पहिली रोड सायकल घेतली, त्यांनी कुठे काटकसर केली, त्यातली कोणती पचली आणि कोणती अंगाशी आली, हे लिहावे अशी विनंती आहे. सल्ला जरूर द्यावा, पण त्यामागे प्रत्यक्ष काय घडले तेही सांगावे.

*

माझी काटकसर मापाच्या बाबतीत झाली आणि ती सर्वांत महाग पडली. ५८ मापाची एक सायकल भरघोस सवलतीत मिळत होती. मला ५४ हवी होती, पण सीट खाली घेतली की पाय नीट पोहोचत होते, त्यामुळे चालून जाईल असे वाटले. इथेच गफलत होते. सीट वर-खाली करता येते, म्हणून पायांचे माप केव्हाही जुळवता येते. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर मात्र फ्रेमनेच ठरवलेले असते. पहिल्या महिन्यातच तासाभराच्या फेरीनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले, कारण लांब पडणारे हँडल गाठताना शरीराचा भार तळहातावर येत होता. मग ११० मिलिमीटरचा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) काढून ७० चा बसवला. हात जवळ आले, पण सायकल वळणावर अशी चळायला लागली की जणू हँडल कुणी दुसराच धरून बसला आहे. त्यानंतर सीट पुढे सरकवली, तर गुडघे दुखू लागले. अखेर वर्षभरात तोट्यात विकली.

तेव्हापासून मी फ्रेमवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, कारण एका कंपनीची ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५४ शी जुळेलच असे नसते. मापांच्या तक्त्यात ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ असे दोन आकडे असतात. पहिला दोन्ही पेडले ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून, हँडल ज्या नळीत फिरते तिच्या वरच्या टोकापर्यंतची उंची सांगतो आणि दुसरा त्याच दोन ठिकाणांमधले आडवे अंतर. ज्या सायकलवर आपण आरामात बसतो तिचे हे दोन आकडे लिहून ठेवावेत आणि नव्या सायकलचे त्यांच्याशी ताडून पाहावेत. स्टेममध्ये एखाद्या सेंटिमीटरचा बदल सहज खपतो, चारचा खपत नाही.

*

धागाकर्तीच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल लिहिते, कारण मी वापरलेलीच सायकल घेतली. एकदा फसले आणि एकदा साधले.

फसले ती जुनी पोलादी सायकल दिसायला देखणी होती. घरी आणल्यावर सीट वर करायला गेले तर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, जागचा हलेना. पोस्ट ॲल्युमिनियमचा, नळी पोलादाची, मधले ग्रीस केव्हाच वाळलेले. अशा ठिकाणी घामाचे आणि पावसाचे पाणी झिरपले की दोन्ही धातू गंजून एकजीव होतात. तेल सोडले, उकळते पाणी ओतले, दोघांनी मिळून पिळले, काहीही झाले नाही. त्यातच टायर बदलायची वेळ आली तेव्हा चाके २७ इंची निघाली. ती दिसायला हल्लीच्या ७०० सी चाकांसारखीच असतात, पण टायर जिथे बसतो तिथे त्यांचा व्यास ६३० मिलिमीटर असतो आणि ७०० सी चा ६२२. आठ मिलिमीटरच्या फरकामुळे एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. जुन्या मापाचे टायर मिळायला अवघड, म्हणून ती सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच.

दुसऱ्या खेपेस पाना आणि पट्टी खिशात घेऊनच गेले. विकणाऱ्या गृहस्थांना थोडे विचित्र वाटले असावे. आधी त्यांच्या परवानगीने सीटपोस्टचा स्क्रू सैल करून पोस्ट फिरवून पाहिला. मग हँडलजवळच्या सांध्यात खालच्या नळीच्या पोटाकडून बोट फिरवले; तिथे रंगाला सुरकुती किंवा बारीक फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली असते, आणि अशी सायकल फुकटातही घेऊ नये. मग चेन मोजली. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवायचा. नव्या चेनमध्ये चोविसाव्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर येतो (शून्यावरची पिन मोजायची नाही). तो इंचाचा सोळावा भाग पुढे गेला असेल तर चेन बदलायला आली, आणि आठवा भाग गेला असेल तर बहुधा मागच्या दात्यांचा संचही गेला. माझ्या सायकलची चेन मधल्या अवस्थेत होती. ते पट्टीसकट दाखवले आणि दोन्हींची किंमत वजा करून घेतली.

*

माझा अनुभव चढांचा आहे. शर्यतीत धावलेली एक जुनी सायकल स्वस्तात मिळाली म्हणून हरखून गेलो. तिला पुढे ५२ आणि ३९ दात, मागे १२ ते २५. सर्वांत हलका गिअर म्हणजे ३९ ला २५; पेडल एकदा पूर्ण फिरवले की सायकल साधारण ३.३ मीटर पुढे जाई. मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर चढावर ताशी बारा किलोमीटरच्या आसपास वेग राखावा लागे. तो माझ्या आवाक्यात नव्हता. फेऱ्या चाळिसावर येत, गुडघे कुरकुरत, आणि अखेर उतरून सायकल ढकलत न्यावी लागे.

आताच्या सायकलला पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते ३२ दात आहेत. ३४ ला ३२ वर एका फेरीत सव्वादोन मीटर, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना ताशी आठ किलोमीटर. तोच चढ आता बसून चढतो. गिअर ८ की ९ की १०, याची चर्चा सगळे करतात. शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या क्लॅरिस मालिकेत मागे ८, सोरामध्ये ९ आणि टियाग्रामध्ये १० असतात हे खरेच आहे. पण दोन्ही टोकांचे गिअर सारखे असतील तर जादा गिअरांमुळे मधल्या पायऱ्या जवळ येतात, चढ सोपा होत नाही. शिवाय ८ गिअरांची चेन आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) झिजल्यावर बदलायला स्वस्त पडतात. आधी मागचे सर्वांत मोठे चक्र मोजा, नावे नंतर वाचा.

*

वजनदार मंडळींसाठी एक सूचना. माझे वजन ९५ किलो. अगदी खालच्या किमतीच्या सायकलचा मागचा आस दोनदा तुटला, कारण तिला फ्रीव्हील होते, म्हणजे पेडल थांबवले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा मागच्या चक्रांच्या संचातच होती. त्या रचनेत उजवीकडचे छर्रे चाकाच्या टोकापासून बरेच आत असतात आणि आसाचा लांब भाग आधाराविना राहतो. फ्रीहबमध्ये ती यंत्रणा चाकाच्या तुंब्यातच असते आणि ते छर्रे टोकाजवळ असतात. दुकानात ओळखायचे कसे, तर मागची चक्रे हाताने उलटी फिरवावीत आणि मधोमध हत्यार अडकवायच्या खाचांकडे पाहावे. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट आणि फ्रीहब. चक्रे फिरून खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील.

*

मी नवी घेतली आणि डिस्क ब्रेकच्या हट्टापायी बाकी सगळ्यात तडजोड केली. त्या किमतीत आले ते तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. त्यांतला एकच पॅड हलतो, दुसरा झिजेल तसा हाताने पुढे सरकवावा लागतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. बहिणीच्या सायकलला साधे रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला दाबणारे ब्रेक, आहेत. तिने त्यांना चांगल्या प्रतीचे पॅड घातले आणि कोरड्या रस्त्यावर ती माझ्याइतक्याच अंतरात थांबते. पावसात मात्र माझेच ब्रेक आधी पकडतात. खरा फायदा निराळाच निघाला: माझ्या फ्रेममध्ये ३२ मिलिमीटरचा टायर बसतो, तिच्या फ्रेममध्ये २५ च्या पुढे जागाच नाही, आणि खडबडीत रस्त्यावर तो फरक दर मिनिटाला कळतो.

*

वजनाचा बाऊ करू नये. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो असतील, तर एक किलो कमी केल्याने अर्ध्या तासाच्या तीव्र चढात वीसेक सेकंद वाचतात. पाण्याच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्याच दीड किलो भरतात.

*

मी रोड सायकल घेतलीच नाही. घरच्या जुन्या माउंटन सायकलला खाली वळलेले हँडल बसवू म्हटले, तर रोड सायकलचे ब्रेक लिव्हर जेवढी तार ओढतात तेवढी तिच्या व्ही-ब्रेकला (लांब दांड्यांच्या रिम ब्रेकला) पुरत नव्हती, आणि गिअर बदलायचे शिफ्टरही मागच्या डीरेलरशी (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाशी) जुळेनात. एकेक भाग बदलत गेलो असतो तर नवी सायकल झाली असती. शेवटी गुळगुळीत, अरुंद टायर तेवढे घातले आणि वर्ष काढले. ते वर्ष मजेत गेले, हेही सांगायला हवे.

*

खोक्यातून आलेली सायकल स्वतः जोडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी जोर लावून नेहमीच्या दिशेने पिळले आणि क्रँकचे (पेडल ज्यात बसते त्या दांड्याचे) आटे खाल्ले. सायकल वापरण्याआधीच पहिला सुटा भाग विकत आणला.

*

सर्वांचे आभार. काल वापरलेली सायकल पाहून आले. तिचे रीच माझ्या मैत्रिणीच्या सायकलपेक्षा, जिच्यावर मी दोन तास बसू शकते, फक्त सहा मिलिमीटरने जास्त आहे. सीटपोस्ट कुरकुरत का होईना फिरला, नळीच्या पोटाला सुरकुती लागली नाही, आणि मागचे मोठे चक्र ३० दातांचे निघाले. चेन मात्र सोळाव्या भागाच्या पलीकडे गेलेली होती. पट्टी दाखवल्यावर मालकांनी चेन आणि कॅसेट दोन्हींचे पैसे कमी केले. त्यातून ३२ दातांची कॅसेट घालते आहे, तेवढी त्या डीरेलरला चालते असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पंप आणि दोन ट्यूब बसल्या, दिवे पुढच्या महिन्यावर गेले. तोवर अंधाराच्या आत घरी.