पोलोच्या मागच्या बाजूला शॉकवर चढवलेली स्प्रिंग, की स्प्रिंग आहे तिथेच ठेवून फक्त उंचीची सोय?

चाकण_टीएसआय

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ ची पोलो जीटी टीएसआय आहे. रोजचे फिरणे पुण्यातच होते, पण अधूनमधून चार माणसे आणि त्यांचे सामान घेऊन ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणेही होते. मागचे शॉक (झटके जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर) आता थकले आहेत. गतिरोधक ओलांडला की गाडीची पाठ एकदा उसळून थांबत नाही, पुन्हा एकदा उसळते. शॉक बदलायचेच आहेत, तर उंची कमी-जास्त करता येईल असा संच बसवावा, असा विचार आहे.

पुढच्या बाजूबद्दल शंका नाही, कारण तिथे मॅकफर्सन स्ट्रट आहे आणि स्प्रिंग मुळातच शॉकवर असते. अडचण मागची आहे. या गाडीसाठी तयार मिळणाऱ्या संचांत मागे शॉक वेगळा आणि स्प्रिंग वेगळीच राहते. स्प्रिंगच्या टोकाशी आटे असलेला एक बसका येतो, तो फिरवून उंची बदलायची. ज्या गॅरेजमध्ये विचारणा केली, तिथले म्हणणे असे की हा अर्धवट उपाय आहे. मूळ स्प्रिंग काढून टाकावी, आटेदार शॉकवरच नवी स्प्रिंग चढवावी आणि खालच्या बोल्टपाशी एक ब्रॅकेट वेल्ड करावे. दिसायला ते नक्कीच देखणे आहे. पण ते योग्य आहे का, आणि असल्यास स्प्रिंगचा कडकपणा किती घ्यावा?

भारवाहक

देखणेपण बाजूला ठेवून आधी भार कुठून कुठे जातो ते पाहावे. पोलोला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, आहे. रिकाम्या गाडीत मागच्या एकेका चाकावर ढोबळमानाने दोनशे किलोंचा भार असतो आणि माणसे व सामान चढल्यावर तो बराच वाढतो. हा सगळा भार स्प्रिंगमधून चॅसीच्या ज्या जागी पोहोचतो, ती जागा त्यासाठीच घडवलेली, दुहेरी पत्र्याची आणि रुंद बैठकीची असते. शॉकच्या वरच्या माउंटचे काम निराळे आहे. शॉकचे बल हालचालीच्या वेगावर अवलंबून असते. गाडी उभी असताना, आतल्या वायूच्या दाबाने दांड्यावर येणारा थोडा जोर सोडला, तर ते जवळजवळ शून्य असते. तुमचे गॅरेज सुचवते तसे केले, तर चाकाच्या कमानीतल्या त्या माउंटवर गाडीचे वजन अहोरात्र टेकलेले राहील आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच्या वर येऊन पडेल. रबरी बुश (सांध्यातली रबरी गादी) आधी चिरडेल, मग बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा तडकेल. शर्यतीच्या गाड्यांत असे बदल होतात हे खरे, पण तिथे रोलकेजची (गाडीच्या आतल्या सुरक्षा-पिंजऱ्याची) नळी त्या माउंटपर्यंत आणून भार पिंजऱ्यात उतरवलेला असतो. मागचे आसन वापरणाऱ्या घरगुती गाडीत ते शक्य नाही.

वेल्डिंगबद्दलही माझा आक्षेप आहे. बीम हा एकाच वेळी दोन्ही चाकांना जोडणारा आणि स्वतः पिळला जाऊन अँटी-रोल बारचे (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याचे) काम करणारा भाग आहे. सतत पिळल्या जाणाऱ्या भागाला वेल्डची उष्णता लागली की भेगेची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

आता कडकपणा. स्प्रिंगचा आकडा आणि चाकाला प्रत्यक्ष जाणवणारा कडकपणा हे दोन वेगळे आकडे आहेत. चाक एक मिलिमीटर वर जाते तेव्हा स्प्रिंग किती दबते, या गुणोत्तराचा वर्ग करून स्प्रिंगच्या आकड्याला गुणावे लागते. हिशेबासाठी समजा, मूळ स्प्रिंग २४ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे आणि ती चाकाच्या केंद्रापेक्षा पिव्होटला (बीम जिथून वरखाली फिरतो त्या सांध्याला) जवळ असल्याने गुणोत्तर ०.८५ आहे, तर चाकापाशी १७.३ मिळतात. शॉक चाकाच्या केंद्राच्या मागे आहे, तिथे गुणोत्तर १.०५ धरले, तर तीच २४ ची स्प्रिंग शॉकवर चढवल्यावर चाकापाशी २६.५ होतात, म्हणजे काहीही न बदलता मागची बाजू दीडपट कडक. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत फक्त मागची बाजू एवढी कडक केली, तर घाटातल्या ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडताच पाठ बाहेर सरकू लागते. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे नव्हेत. खरे हवे असतील तर गाडी स्टँडवर घेऊन स्प्रिंग काढावी, हबखाली (चाक ज्यावर बसते त्या भागाखाली) जॅक लावून चाक दहा-दहा मिलिमीटरने उचलावे आणि प्रत्येक टप्प्यावर स्प्रिंगच्या दोन बैठकांमधले अंतर मोजावे.

श्टुटगार्टकर

वरच्या विवेचनाला इकडचा दाखला जोडतो. जर्मनीत केडब्ल्यू, बिलस्टीन, एच अँड आर या कंपन्यांचे पोलोसाठीचे संच सहज मिळतात आणि त्यांतही मागची स्प्रिंग मूळ जागीच राहते. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांनी ती हलवलेली नाही, एवढे माझ्यासारख्याला पुरेसे वाटते. संचासोबत तपासणीचा अहवाल येतो, त्यात उंची कोणत्या मर्यादेत बदलता येईल ते दिलेले असते. बसवल्यानंतर ट्यूफसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेचा परीक्षक येऊन चाकाचे केंद्र ते कमानीची कड हे अंतर मोजतो आणि बदल मान्य करतो.

पैसे कुठे घालावेत हेही सांगतो. बिलस्टीनच्या बी १४ मध्ये फक्त उंची बदलते, बी १६ मध्ये शॉकचा कडकपणाही दहा टप्प्यांत बदलतो. केडब्ल्यूच्या पहिल्या श्रेणीत फक्त उंची, दुसरीत शॉक उलगडतानाचा विरोध आणि तिसरीत दबतानाचा व उलगडतानाचा असे दोन्ही स्वतंत्रपणे जुळवता येतात. तुमचा मूळ त्रास उंचीचा नाहीच, पाठ दोनदा उसळते हा आहे, आणि तो शॉकच्या उलगडण्याच्या विरोधाने जातो. तेव्हा दुसऱ्या श्रेणीपुढचा खर्च तुमच्या वापराला अनाठायी ठरेल, असे माझे मत आहे.

चाकण_टीएसआय

दोघांचेही आभार. वेल्डिंगचा बेत रद्द केला. दोन शंका उरतात. बसका किती फिरवला की गाडी किती खाली येते? आणि आरटीओचे काय?

भारवाहक

वरच्याच गृहीत गुणोत्तराने बसक्याचे १० मिलिमीटर म्हणजे चाकापाशी जवळपास १२. बसका फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची उभी उंची बदलते. मात्र शॉक तेवढाच राहत असल्याने जितकी गाडी खाली बसवाल तितके बंपस्टॉप (शॉक पूर्ण दबू न देणारा ठोकळा) जवळ येते. चार माणसे आणि भरलेली डिकी घेऊन घाट उतरायचा असेल तर मूळ उंचीपेक्षा १५ ते २० मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. आणखी एक तपासणी जरूर करावी: जॅकवर गाडी उचलून चाक पूर्ण लोंबकळत असताना स्प्रिंग बैठकीत घट्ट राहते की हाताने फिरते, ते पाहावे. ती सैल पडत असेल तर संच चुकीचा आहे.

आरटीओबाबत मोघम बोलण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सस्पेन्शनचा प्रकार नोंदणीपत्रात लिहिलेला नसतो, म्हणून काही होत नाही, असे गॅरेजवाले सांगतात. त्यावर विसंबू नये. आधी आरटीओत लेखी विचारावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे, कारण अपघातानंतर पंचनाम्यात ही गोष्ट निघाली तर वाद तिथेच उभा राहतो.

सांगलीचा_फिटर

बसवणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द. बीमचे पुढचे दोन पिव्होट बोल्ट आणि शॉकचा खालचा बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना कधीही आवळून टाकू नयेत. ते आधी सैल करावेत, गाडी स्वतःच्या वजनावर नव्या उंचीला बसू द्यावी, आणि मग टॉर्क रेंचने आवळावेत. नाही तर बुशचे रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षाच्या आत फाटते. त्यामुळे उंची बदलण्याची प्रत्येक वेळ ही बुश मोकळे करण्याचीही वेळ असते, आणि लोक नेमके हेच टाळतात. उंची बदलली की हेडलाइटचा झोत आणि पुढची अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्यावी.

कोकणात जाणाऱ्या गाडीच्या आट्यांत तांबडी माती बसते आणि वर खारी हवा लागते. पावसाळ्यापूर्वी मऊ ब्रशने आटे धुऊन, वाळवून, अँटी-सीझ ग्रीस लावून ठेवावे आणि पाऊस संपल्यावर सी स्पॅनरने बसका अर्धा आटा मागेपुढे फिरवून पाहावा. बसवल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंग थोडी बसते, तेव्हा दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या केंद्रापासून पुन्हा मोजून घ्यावी. मोजताना जमीन सपाट असावी आणि टाकी साधारण अर्धी भरलेली असावी.