पोटातली कळ आपोआप थांबली, तर रुग्णाला घरी सोडायचं का?

वाळपईची_नर्स: जठराला किंवा आतड्याला भोक पडून झालेला पेरिटोनायटिस (उदरावरणाची, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराची सूज) आरोग्य केंद्रात ओळखायचा कसा? पहाटे पोट धरून आलेला माणूस दुपारपर्यंत "आता बरं वाटतंय, घरी जातो" म्हणतो. त्याला सोडायचं की बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवायचं? पाठवण्याआधी काय काय करायचं? आणि ऑपरेशन होऊन परत आलेल्या रुग्णात काय बघायचं?

सैल_गाठ: ताई, सोडू नका. जठरातलं आम्ल उदरावरणावर सांडलं की सुरी खुपसल्यासारखी कळ येते. ती इतकी अचानक येते की रुग्ण नेमकी वेळ सांगतो. मग उदरावरणातून पाझरणाऱ्या पाण्यानं आम्ल पातळ होतं आणि सहा ते बारा तासांच्या सुमारास कळ ओसरते. रुग्णाला वाटतं सुटलो, पण नाडी तेव्हाही चढत असते आणि आत जंतू वाढत असतात. म्हणून दुखणं कमी झालं तरी नाडी, श्वास आणि लघवी मोजा.

मूतखड्याचा रुग्ण तळमळत कूस बदलतो, हा मात्र गुडघे दुमडून निपचित पडतो. खोकायला सांगितलं तर पोटावर हात दाबून अर्धवटच खोकतो. पोट फळीसारखं कडक लागतं, कधी खांद्यातही दुखतं. म्हातारी माणसं, मधुमेही आणि स्टेरॉइड घेणारे यांचं पोट मऊ लागू शकतं. नाडी १२० आणि थोडी असंबद्ध बडबड एवढंच दिसेल. टायफॉइडच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट एकदम बिघडलं, तर लहान आतडं फुटल्याची शंका घ्या.

छातीचा एक्स-रे रुग्णाला दहा मिनिटं ताठ बसवून मगच काढा, म्हणजे भोकातून बाहेर पडलेली हवा डायाफ्रामखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) जमते. तरीही भोक पडलेल्या बऱ्याच रुग्णांत ती दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून थांबू नका.

रात्रपाळी_सिस्टर: पाठवण्याआधी तोंडानं काही नाही, पाण्याचा घोटही नाही. दोन्ही हातांना १८ किंवा १६ नंबरची जाड सुई, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी). रक्तदाब पडला असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली सलाईन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून, छाती ऐकत द्या. लघवी तासाला ३० मिलीच्या खाली जाऊ नये. अँटिबायोटिकचा पहिला डोस डॉक्टरांना विचारून तिथेच द्या, १०८ रुग्णवाहिकेची वाट बघत थांबवू नका.

दुखण्याचं औषध दिलं तर निदान लपतं ही जुनी समजूत आहे, शिरेतून पॅरासिटामोल द्यायला हरकत नाही. डायक्लोफिनॅक (हेही दुखण्याचंच औषध) मात्र नको, अनेकदा भोक पडण्यामागे तीच गोळी असते.

सैल_गाठ: ऑपरेशनबद्दल. ड्युओडेनमचं (जठरालगतच्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाचं) भोक लहान असेल तर पोटातल्या चरबीच्या पदराची घडी त्यावर ठेवून तीन-चार टाके घालतात. टाके घट्ट ओढले तर घडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि गळती होते. मग कोमट सलाईननं पोट धुतात, परत येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. बऱ्याचदा चार-पाच लिटर लागतं. मोठ्या आतड्यातून मळ सांडला असेल तर अनेकदा स्टोमा (मळ बाहेर येण्यासाठी पोटावर आतड्याचं तोंड) काढावा लागतो.

रात्रपाळी_सिस्टर: नंतर ड्रेनमधल्या (पोटात ठेवलेल्या नळीतल्या) पाण्याचा रंग बघा. हिरवं पाणी आलं तर गळती समजा. पाचव्या दिवसानंतर परत ताप, उचकी किंवा चिकट जुलाब सुरू झाले तर पोटात पू साठला असेल. सोनोग्राफी करून बऱ्याचदा नळीनं काढता येतो.

एक गोष्ट चुकवू नका. पाचव्या ते आठव्या दिवसात ड्रेसिंग एकाएकी गुलाबी पाण्यानं भिजलं, तर आतले टाके सुटत आहेत. आतडं बाहेर आलं तर आत ढकलू नका. सलाईननं भिजवलेलं निर्जंतुक पॅड ठेवा, रुग्णाला झोपवून गुडघे दुमडा आणि लगेच सर्जनला बोलवा.

वाळपईची_नर्स: घरचे विचारतात, वाचेल ना? काय सांगायचं?

सैल_गाठ: मॅनहाइम इंडेक्स वापरा, म्हणजे पेरिटोनायटिसमध्ये जिवाचा धोका किती ते गुण मोजून ठरवा. ५८ वर्षांचा पुरुष, ड्युओडेनमचं भोक, ३६ तासांनी आला, पोटभर पू: वयाचे ५, २४ तासांहून उशीर ४, उगम मोठ्या आतड्यात नाही म्हणून ४, सगळीकडे पसरलं ६, पू ६. एकूण २५, म्हणजे मधला धोका. लघवी बंद पडली किंवा दुसरा अवयव निकामी झाला तर आणखी ७, मग ३२. २९ च्या वर धोका फार वाढतो. घरच्यांना तो स्पष्ट सांगा.

तोच माणूस २४ तासांच्या आत आला असता तर २१. म्हणून रेफरलच्या चिठ्ठीवर "पोटदुखी" एवढंच लिहू नका. कळ किती वाजता सुरू झाली, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि शेवटचं कधी खाल्लं, हे तिन्ही लिहा.