माकडतापाचा विषाणू १९५७ साली ओळखला कसा?

आंबोलीकर: कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा आधी पीतज्वराचा संशय होता म्हणे. पीसीआर तर नव्हतंच. मग हा वेगळाच विषाणू आहे हे कशावरून ठरलं? आणि तो पसरवणाऱ्या गोचिडीचा माग कसा लागला?

सूक्ष्मदर्शी: संशय रास्तच होता. दक्षिण अमेरिकेत पीतज्वर पसरला की माकडं मरतात, आणि भारतात तो कधीच नव्हता. म्हणून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची (आजची राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्था, एनआयव्ही) माणसं शिमोगा जिल्ह्यात धावली. टेलफोर्ड वर्क तेव्हा या केंद्राचे संचालक होते.

रोग्याचं रक्त तापाच्या पहिल्या दिवसांतच घ्यावं लागतं. माकडाचे अवयव ताजे हवेत, कुजल्यावर विषाणू हाती लागत नाही. अवयव घोटायचे, द्राव सेंट्रिफ्यूज करायचा, जिवाणू मारायला अँटिबायोटिक घालायचं आणि उंदराच्या दूधपित्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचं. पिल्लं आजारी पडली की त्यांच्या मेंदूतून पुढच्या पिल्लांना. इथे फसगत होते ती उंदरांच्या स्वतःच्या छुप्या विषाणूंमुळे. म्हणून न टोचलेली पिल्लं शेजारी ठेवतात आणि मूळ नमुन्यातून विषाणू पुन्हा काढून दाखवतात.

ओळख पटवताना प्रतिपिंडं रक्तपेशींच्या गुठळ्या होणं रोखतात का, ही चाचणी एकटी पुरत नाही. डेंगी, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर सगळे भाऊबंद, प्रतिपिंडं एकमेकांना चिकटतात. न्यूट्रलायझेशन, म्हणजे प्रतिपिंडांनी विषाणू निकामी होतो का ते पाहणं, जास्त नेमकं. नातं निघालं ते रशियन वसंत-ग्रीष्म मेंदूज्वराच्या गटाशी. तो गट गोचिडींतून पसरतो, त्यामुळे बोट तिकडे वळलं.

रानवाट: त्यात एक भर. माकडाच्या अंगावरच्या गोचिडीत विषाणू सापडला एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही, तिनं नुकतंच प्यालेलं रक्त असेल. पांढरं फडकं जमिनीवरून ओढून उपाशी गोचिडी गोळा करायच्या, जात आणि अवस्थेनुसार वेगळ्या करायच्या, गटागटानं वाटून टोचायच्या. मुख्य जात ठरली हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. खरा पुरावा पुढचा: बाधित प्राण्यावर पोसलेली अळी कात टाकून निम्फ (अळी आणि प्रौढ यांच्यामधली अवस्था) झाली आणि त्या निम्फनं नव्या प्राण्याला लागण केली, तरच ती वाहक. माणसाला चावते ती बहुतेक निम्फच, खसखशीएवढी, दिसतही नाही.

आंबोलीकर: म्हणजे मेलेल्या माकडाजवळ जाणंच धोक्याचं?

रानवाट: होय. माकड थंड पडलं की गोचिडी उतरून आसपास पसरतात. हात लावू नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

सूक्ष्मदर्शी: महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या दोडामार्ग-सत्तरीकडच्या काजूवाल्यांनी तर विशेष जपावं, हंगाम आणि निम्फ एकाच वेळी येतात. ताप आला तर पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर करावी. आयजीएम (लागणीनंतर आधी तयार होणारं प्रतिपिंड) साधारण पाचव्या दिवसानंतरच दिसतं, आधीचा निगेटिव्ह फसवा. आणि ताप उतरला म्हणून सुटलो असं नाही. काहींना आठवडा-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, या वेळी डोकेदुखी, कंप, गोंधळलेपण घेऊन.