शब्दचर्चा: ‘व्हिक्टोरिएटस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: रोमन चांदीच्या नाण्यांवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात इ. स. पू. तिसऱ्या शतकाअखेरचं ‘व्हिक्टोरिएटस’ आहे. छाप्याला ज्युपिटर, काट्याला पंखवाली विजयदेवी व्हिक्टोरिया खांबासारख्या कशाला तरी हार घालतेय. मी ‘विजयमुद्रा’ आणि ‘विजयस्तंभ’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर: ‘विजयमुद्रा’ म्हटलं की दोन बोटं वर केलेला पुढारी दिसतो! आपल्याकडे राणीछाप रुपया होताच की. रोमनही चित्रावरूनच नावं ठेवत: दोन घोड्यांचा रथ असेल तर बिगेटस, चार घोड्यांचा असेल तर क्वाड्रिगेटस. त्याच चालीवर ‘विजयाछाप’ करा.

उत्तर: ‘छाप’ला माझं अनुमोदन, ‘विजया’ला नाही. विजया म्हणजे भांगसुद्धा. ‘विजयदेवी-छाप’ बरं.

‘विजयस्तंभ’ मात्र काढाच. तो दगडी, बांधीव वाटतो. ही देवी ज्याला हार घालते ते ‘ट्रोपियम’: लाकडी खांबावर हरलेल्या शत्रूचं शिरस्त्राण, चिलखत, ढाली अशा चढवायच्या की लांबून माणूसच उभा वाटावा. मूळ ग्रीक शब्दात शत्रूने पाठ फिरवण्याचा अर्थ आहे. आपली ‘ट्रॉफी’ त्याचीच नात. इ. स. पू. १०१ मधलं फुंडानियस या नाणी पाडणाऱ्या अधिकाऱ्याचं क्विनारियस (छोटं चांदीचं नाणं) मोठं करून बघा. खांबाच्या पायाशी गुडघे टेकलेला कैदी आहे, बाजूला गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांचं जनावरमुखी रणशिंग. रोमन सेनापती मारियसने उत्तरेकडच्या टोळ्यांना हरवलं, त्याची ही जाहिरात. कैद्यासकट ही लूट ‘स्तंभ’ शब्दात मावत नाही.

प्रश्नकर्ती: मग ‘शस्त्रखांब’?

उत्तर: त्यात कुणाची शस्त्रं ते कळत नाही. ‘जिंकलेल्या शस्त्रांचा खांब’ लिहा. लांबलं तर लांबू दे. सीझरच्या डेनारियसवर (रोमनांचं नेहमीचं चांदीचं नाणं) याच खांबाखाली गॉल स्त्री-पुरुष बसवलेत, तिथेही हाच शब्द चालेल.

उत्तर: एक खोच राहिली. मूळ व्हिक्टोरिएटस डेनारियसच्या पाऊण वजनाचं आणि चांदीतही हिणकस. ते पाडणं थांबलं तरी नाव टिकलं, आणि पुढे अर्ध्या डेनारियसच्या क्विनारियसलाही लोक व्हिक्टोरिएटसच म्हणू लागले. पंचवीस पैशांना आपण चाराणे म्हणत राहिलो तसं. तेव्हा लेखातला उल्लेख इ. स. पू. १०१ नंतरचा असेल तर ‘विजयदेवी-छाप’ लिहिण्याआधी नाणं कुठलं ते तपासा.