मदत हवी: बटनवरून ब्लाइंड चोरायला जातो आणि चिंचोके घालवून बसतो

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. गणपतीच्या जागरणाला आमच्यात रमी ठरलेलीच, पण वर्षभर झालं, आम्ही सहाजण दर शनिवारी टेक्सास होल्डम हा पोकरचा प्रकार खेळायलोय. पैसे अजिबात नाहीत, प्रत्येकी 200 चिंचोके. बटन म्हणजे पानं वाटणाऱ्याची जागा; तिच्या डावीकडच्या दोघांनी आधीच सक्तीनं घालायचे ते ब्लाइंड: स्मॉल ब्लाइंड 1, बिग ब्लाइंड 2. वाढवून लावून दोघांना पानं टाकायला, म्हणजे डाव सोडायला लावलं की ते आपले, हीच चोरी.

परवाचा डाव सांगतो. बटन माझ्याकडे, आधीच्या तिघांनी पानं टाकली. हातात इस्पिक गुलाम आणि बदाम सत्ती. मी 5 लावले. हिशोब असा की 3 मिळवायला 5 घालतोय, म्हणजे आठात पाच वेळा दोघांनीही पानं टाकली तरी बरोबरी, त्याहून जास्त टाकली तर नफा. स्मॉल ब्लाइंडनं टाकली. बिग ब्लाइंडला माझा मावसभाऊ. तो म्हणतो, "फ्लॉप बघितल्याशिवाय सोडणार न्हाई बघ." फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं: राजा, नव्वी, चव्वी. मी 6 लावले, तो तेवढेच घालून आला. पुढचं पान तिरी, मी 12 लावले, तरी आला. शेवटच्या पानावर मी थांबलो, काही लावलं नाही. त्यानं छक्की-चव्वी दाखवली, चव्वीची जोडी. 23 चिंचोके गेले!

दर आठवड्याला असंच होतंय. वाईट वाटतं ते हरण्याचं नाही, चूक नेमकी कुठं होते तेच कळत नाही. रेझ (वाढवून लावणं) मोठा करू, की चोरी सोडूनच देऊ? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

हिशोब बरोबर आहे, माणूस चुकला. जो पानं टाकतच नाही त्याच्याकडून ब्लाइंड चोरता येत नाहीत. शिवाय त्याच्या बाजूनं बघा: 8 (तुमचे 5, ब्लाइंडचे 3) मिळवायला त्याला फक्त 3 घालायचे, म्हणजे शंभरात 27 वेळा जिंकला तरी त्याचं भागतं. आल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

तो बिग ब्लाइंडला असेल तेव्हा गुलाम-सत्तीसारखी पानं गुपचूप टाका. एक्का, मोठी चित्रं, जोड्या आल्या की 5 ऐवजी 7 लावा, तो येणारच आहे. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुम्ही त्याच्यानंतर बोलता, हा मोठा फायदा. जोडी लागली तर तिन्ही वेळा लावा, काही लागलं नाही तर थापा मारू नका. तुमचे 6 आणि 12 तिथंच वाया गेले.

आणि दर शनिवारी चिठ्ठ्या टाकून जागा बदला. डावीकडे पटकन पानं टाकणारे बसले की मग चोरी करा, तिथं ती चालते.