मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी स्मृती-शिष्यवृत्ती : अटी कशा ठेवाव्यात?

प्रश्न (माजी विद्यार्थिनी) :
आम्हाला मानवशास्त्र शिकवणाऱ्या बाई गेल्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्या नावाने विद्यापीठात एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवावी, असे आम्हा काही जणांच्या मनात असून सुमारे ५ लाख रुपये जमतील असे दिसते. प्रथम क्रमांकाच्या विद्यार्थ्याला ती द्यावी, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण बाई गुणपत्रिकेपेक्षा क्षेत्रकार्याच्या, म्हणजे लोकांत प्रत्यक्ष राहून केलेल्या अभ्यासाच्या, टिपणवहीला अधिक मोल देत असत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस :
अशा देणगीचे मुद्दल सहसा मुदत ठेवीत राहते आणि शिष्यवृत्ती व्याजातून दिली जाते. व्याजदर ७ टक्के धरला, तर वर्षाला ३५,००० रुपये हाती येतील. ही रक्कम पाच जणांत वाटू नये. एकाला, फार तर दोघांना द्यावी. व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवला नाही, तर महागाईमुळे शिष्यवृत्ती नावापुरती उरेल. एखाद्या वर्षी योग्य अर्ज न आल्यास रक्कम कोठे जाईल, तेही लेखी ठरवून घ्यावे.

रानवाट :
माझे मत ठामपणे क्षेत्रकार्याच्या बाजूने आहे. इरावती कर्वे यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची जी पाहणी केली आणि जी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली, तसे काम लोकांच्या दारी गेल्याशिवाय होत नाही. मेळघाटातील एखाद्या कोरकू गावात महिनाभर राहायचे, तर एसटीचे भाडे, जेवणखाण आणि आपली मजुरी बुडवून दुभाष्याचे काम करणाऱ्या गावकऱ्याचा मोबदला, हे सारे विद्यार्थ्याला आधी खिशातून भरावे लागते. पेरणीच्या दिवसांत माणसे घरी सापडत नाहीत, म्हणून पुन्हा जावे लागते, आणि ज्याच्या घरी पैसा नाही तो नेमकी हीच दुसरी फेरी टाळतो. त्यामुळे शिष्यवृत्ती निकालानंतर समारंभात न देता निघण्यापूर्वी द्यावी; थोडा हप्ता अहवाल सादर होईपर्यंत राखून ठेवला तरी चालेल.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. पण गुण पाहायचे नाहीत, तर निवड कशावर करावी?

रानवाट :
दोन पानी आराखडा मागवावा, तो मराठीतही चालेल असे जाहिरातीत स्पष्ट लिहावे, आणि नंतर दहा मिनिटे प्रत्यक्ष बोलावे. कोणत्या गावी जाणार, तेथील लोकांची भाषा येते का, लोकांची संमती कशी घेणार, एवढे विचारले तरी तयारी कळते. जैविक मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही माणसांच्या शरीराच्या मोजमापांसाठी गावोगाव फिरावे लागते. त्यांना वगळू नये.