मदत हवी आहे: तळ्याकाठी तंबूत राहायचंय, डासांचं काय करू?

पुढच्या आठवड्यात दोन रात्री तंबूत राहायचा प्लॅन आहे, सोबत सहा वर्षांची लेक. मागच्या वेळी माझे घोटे असे काही फोडून काढले डासांनी की मोजे चढवताना कळ यायची, आठवडाभर खाजवत बसले होते, आणि शेजारीच झोपलेल्या नवऱ्याला एक डास चावेल तर शपथ! तेव्हा सिट्रोनेला तेल चोपडलं होतं, वास मस्त, उपयोग जेमतेम अर्धा तास. मोबाइलवर डास पळवणारं ॲप पण लावलं होतं (हसू नका), डास त्याच मोबाइलवर येऊन बसला.

आता डीटवाला (डीट म्हणजे डासांना दूर ठेवणारं रसायन) स्प्रे घ्यावा म्हणतेय पण त्यात १५, ३०, ५० टक्के असं काय काय दिसतं. जास्त टक्के म्हणजे जास्त कडक का? लेकीला चालेल? सनस्क्रीन पण लावायचंय, मग आधी काय? आणि लेगिंग्ज घातल्या की पाय वाचतील ना?

प्रतिसाद १: टक्के म्हणजे कडकपणा नाही हो, किती वेळ टिकतं ते. २०-३० टक्केवालं काही तास जातं, ५० च्या पुढे विशेष फरक नाही. मुलीला ३० पर्यंत चालतं, पण तुमच्या हातावर घेऊन लावा आणि तिच्या तळहातांना, डोळ्या-तोंडाजवळ नको. सनस्क्रीन आधी, मुरलं की हे वरून. दिवसाही लावा, डेंगीवाला एडिस दिवसाच चावतो. फक्त डीट प्लास्टिक खातं, माझ्या घड्याळाचा पट्टा चिकट होऊन त्यावर बोटांचे ठसे उमटले. २० टक्के पिकारिडिन (डास दूर ठेवणारं दुसरं रसायन) मिळालं तर ती भानगड नाही.

प्रतिसाद २: लेगिंग्ज नकोच, अंगाला चिकटलेल्या कापडातून डास आरामात सोंड घालतो. ढगळ, फिक्या रंगाची पँट घ्या आणि मोज्यात खोचा. कपड्यांवर पर्मेथ्रिन (हे कीटकनाशक) मारून पूर्ण वाळवा, कातडीला अजिबात नाही, आणि मांजर असेल तर ओलं असेपर्यंत लांब ठेवा, त्यांना विषारी असतं. गवतातून आल्यावर लेकीच्या गुडघ्यामागे, काखेत, केसात गोचीड बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल नि पेटती काडी असले प्रयोग नकोत.

धागाकर्ती: अगं बाई, मांजर आहे ना घरात! मी कपडे वाळायला तिच्याच खुर्चीवर टाकले असते.